दुसऱ्या बाकावरच्या पाण्याबाबत

दिनांक : १७ फेब्रुवारी १९९७

प्रति,
मा. शाळा तपासणी अधिकारी साहेब,
खाडीकाठ शिक्षण विभाग, नवी मुंबई

विषय : चि. शिवतेज शहाजी निकम, इयत्ता पहिली 'ब', यास कमरेच्या यंत्रासह व यंत्राच्या आवाजासह वर्गात परत बसू देणेबाबत. तसेच एका जुन्या, अनिर्णित मागणीबाबत.

संदर्भ : खाडीकिनारा प्राथमिक विद्यामंदिर, कोपरखैरणे, यांचे अर्जदारास आलेले पत्र, विषय 'आवाज करणारी वस्तू'.

महोदय,

अर्जदार शहाजी बापूराव निकम, मूळ गाव जावळी तालुक्यातले, हल्ली मुक्काम माथाडी वसाहत, कोपरखैरणे, हा कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यावर दिवाणजी आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या नावावर जमा-खर्च टाकून स्वतःला 'मी' म्हणायची त्याची सवय मोडली आहे. म्हणून या अर्जात तो स्वतःला अर्जदारच म्हणेल. त्यात साहेबांनी कमीपणा पाहू नये आणि मोठेपणाही पाहू नये. दिवाणजीला माणसं वाचायची खोड असते. गोणी उचलताना कोण कण्हतो आणि उचलायच्या आधीच कोण कण्हतो, हे त्याला गाळ्यावर बसल्या जागी कळते. तरीही स्वतःच्या घरात रोज सकाळी काय घडत होते ते त्याला कळले नाही, आणि म्हणूनच हा अर्ज लांबला आहे. साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचावा ही पहिली विनंती.

१. अर्जदाराचा मुलगा शिवतेज, वय सहा, यास साखरेचा आजार आहे. एवढ्या लहान पोराला साखर कशी झाली, असा प्रश्न साहेबांच्या मनात आल्यास साहेब एकटे नाहीत. वसाहतीत तो सगळ्यांनी विचारून झाला आहे, आणि 'लाडानं पेढे चारले असतील' हे उत्तरही सगळ्यांनीच देऊन झाले आहे. डॉक्टरीणबाईंचे म्हणणे असे की पेढ्यांचा काही संबंध नाही. इन्सुलिन नावाचे औषध अंगात आपोआप तयार व्हायचे ते या मुलाच्या अंगात होत नाही, म्हणून ते बाहेरून द्यावे लागते. मुलाचे मामा अमेरिकेत असतात. त्यांनी येताना पानाच्या डबीएवढे एक यंत्र आणले. ते कमरेला थैलीत राहते. त्यातून सुतळीहून बारीक अशी नळी पोटापर्यंत जाते, तिथे कातडीखाली एक मऊ सुई बसवलेली असते आणि वर चिकटपट्टी. यंत्र दिवसभर थेंब थेंब औषध सोडते. थेंब कुठे अडला की ते टीं-टीं असे ओरडते.

ओरडल्यावर काय करायचे ते डॉक्टरीणबाईंनी अर्जदाराची पत्नी उज्वला हिला पाठ करायला लावले होते. पट्टी उघडून जागा पाहायची, ओल आहे का, वास येतो का, नळी वाकली आहे का. साखर तपासायची. शंका असेल तर सुई नवीन जागी बसवायची. आणि पोर मागेल तेवढे पाणी द्यायचे. उज्वलाने हे सगळे वर्गशिक्षिका जयमालाबाईंना समजावून सांगितले, आणि वाजले की कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर निरोप द्या, असेही सांगून ठेवले.

२. मुख्याध्यापक श्री. सिताराम पाटकर सर यांनी पहिल्या दिवशी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "निकम, मला अजून पेजर मिळाला नाही आणि तुमच्या पोराला पहिलीतच? याला मेसेज करतं तरी कोण?" अर्जदार म्हणाला, "याला कोणी करत नाही सर, हाच करतो." सर पोट धरून हसले. हसण्याच्या बाबतीत सर उदार आहेत. पाण्याच्या बाबतीत नाहीत, आणि त्याला कारणही आहे. शाळेच्या टाकीत टँकरने पाणी येते, ते सगळ्या वर्गांना पुरवायचे असते. म्हणून व्हरांड्याच्या भिंतीवर सुविचाराच्या फळ्याशेजारी निळ्या रंगात एक नियम रंगवलेला आहे : 'तास चालू असताना पाणी पिण्यास व लघवीस जाण्यास परवानगी नाही.' सुविचार दर सोमवारी बदलतो. नियम आहे तसा आहे.

३. मुलाला वारंवार बाहेर जावे लागेल, म्हणून जयमालाबाईंनी त्याला दाराजवळचा दुसरा बाक दिला. तो रिकामाच होता. भरलेल्या वर्गात दाराजवळची जागा रिकामी कशी, हे दिवाणजी असून अर्जदाराने विचारले नाही. फुकट मिळालेल्या जागेची चौकशी माणूस करत नाही.

त्या बाकावर आदल्या वर्षी सई बसत असे. सई जुन्या गावठाणातल्या यशोदाबाईंची नात. यशोदाबाई बाजाराच्या फाटकाशी मासळी विकतात. अर्जदाराने त्यांच्याकडून बोंबील घेतलेले आहेत, पण नातीचे त्याला ठाऊक नव्हते. ही मुलगी वर्गात सारखी पाणी मागायची. तिला नियम दाखवला जाई. तिला वाचता येत नव्हते, म्हणून वाचूनही दाखवला जाई. मधल्या सुट्टीत ती नळाला तोंड लावून उभी राही आणि मागची पोरे ढकलत. मग तिचा फ्रॉक ओला व्हायला लागला तेव्हा पोरांनी तिला नाव ठेवले, ते इथे लिहीत नाही. घरच्यांनी दृष्ट काढली, जंताचे औषध दिले. मुलगी काडीसारखी झाली. एके दिवशी गणिताच्या तासाला तिने बाकावर डोके टेकले. झोपली असेल, असे सगळ्यांना वाटले. ती पुन्हा शाळेत आली नाही. तिला कोणता आजार होता ते ती दवाखान्यात वारल्यावर कळले. अर्जदाराच्या मुलाला आहे, तोच.

४. शिवतेज शाळेत जाऊ लागला आणि काही दिवसांतच यंत्र वर्गात ओरडले. घरी कधी नाही, रविवारी नाही, गणपतीच्या सुट्टीत नाही. शाळेतच, आणि तेही मधली सुट्टी होऊन गेल्यावर, त्याच बाकावर.

पोरांना अर्थ लावायला वेळ लागला नाही. मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणाले, "बाई, सई पाणी मागतेय."

त्या वेळी जयमालाबाईंच्या चेहऱ्यावर काय झाले ते अर्जदाराने पाहिलेले नाही. मुलाने पाहिले. तो घरी येऊन म्हणाला की बाई भिंतीसारख्या पांढऱ्या झाल्या, आणि मग स्टाफरूममधून स्टीलचा पेला भरून आणून त्यांनी बाकावर ठेवला. हात जोडले. सगळ्या वर्गाने हात जोडले. थोड्या वेळाने आवाज बंद झाला. तो कसा बंद झाला ते पुढे येईल, पण वर्गाने तेव्हा आपला निष्कर्ष काढला. पुढे यंत्र वाजले की पेला यायचा. कधी निरोप जायचा, कधी राहून जायचा. पोरे एकमेकांना बजावत, "त्या पाण्याला हात लावू नको रे, उष्टं होईल."

साहेबांनी इथे जरा थांबावे. औषध अडले की साखर चढते, आणि साखर चढली की तहान लागते, साधी नव्हे, घसा चिरणारी. म्हणजे त्या बाकावर एक जिवंत मूल तहानेने व्याकूळ होऊन बसलेले असे, आणि त्याच्या पुढ्यात काठोकाठ भरलेला पेला असे, मेलेल्या मुलीसाठी. पोराने त्याला बोट लावले नाही. त्याची आजी, म्हणजे अर्जदाराची आई राजाबाई, हिने त्याला तसे वळणच लावले आहे. देवाचे, पितरांचे, कुणाच्याही नावाने ठेवलेले उष्टावायचे नाही. वळण चांगले होते. जागा चुकली.

५. निरोप गेला की उज्वला धावत येई. पोराला व्हरांड्यात घेऊन शर्ट वर करी, थैली ओढून काढी, नळी पाही. नळी सरळ. जागा कोरडी. यंत्र गप्प. "काहीच नाही हो बाई," असे तिलाच जयमालाबाईंना सांगावे लागे, आणि त्या मान खाली घालत, जणू त्यांना दुसरे काही ठाऊक आहे.

मग जे जे करता येते ते केले. पोटावर एकाच जागी सुई टोचून कातडीखाली गाठ आली असेल म्हणून जागा बदलली, मांडीवर घेतली, कुल्ल्यावर घेतली. तिथून बसताना दुखते म्हणून पुन्हा पोटावर आणली. कोपरखैरण्याच्या घामाने पट्टी सुटत असेल म्हणून दुसरी पट्टी आणली. नळीत हवेचा बुडबुडा असेल म्हणून टिचक्या मारल्या. फ्रिज नाही, औषध माठाशेजारी असते, ते उन्हाने बिघडले असेल म्हणून नवी बाटली फोडली. यंत्र आणणाऱ्या मामांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले की यंत्र उत्तम आहे. ज्याने वस्तू आणली त्याचे उत्तर दुसरे काय येणार.

आणि दुपारी घरी आल्यावर वेगळेच. कपडे काढून पोर खेळायला बसे आणि थोड्या वेळात थंडगार घामाने भिजून जाई, हात थरथरत, डोळे फिरत. साखर चढली होती ती धाडकन खाली. तोंडात गूळ कोंबला की शुद्धीवर येई. शेजारच्या मालतीबाई दारात उभ्या राहून हे पाहत. म्हणाल्या, "शाळेत ती धरते, घरी सोडते. दुसरं काय असणार?" राजाबाईने त्या दिवसापासून नातवाची दृष्ट सकाळीही काढायला सुरुवात केली.

खुद्द शिवतेजने एकदा जेवताना विचारले, "बाबा, सई माझ्या पोटातून बोलते का?" अर्जदाराकडे सगळ्या प्रश्नांना उत्तर असते, ही त्याची गाळ्यावरची ख्याती आहे. त्याने पोराला भात कालवून दिला.

६. जानेवारीत संक्रांतीनंतर यंत्र वाजले तेव्हा पेला आला, पण निरोप गेला नाही. बूथवाल्याचा फोन बंद होता म्हणतात. मुलगा ओकला. पोरांनी सांगितले की त्याच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. त्याने बाकावर डोके टेकले.

जयमालाबाईंनी ते पाहिले. त्यांनी पोराला उचलले, चपला वर्गातच राहिल्या, आणि अनवाणी रस्त्यावर जाऊन रिक्षा अडवली. हे अर्जदार मुद्दाम नमूद करतो. पुढे त्यांच्याविषयी जे लिहायचे आहे, ते या जमेच्या ओळीखाली वाचावे.

मुलगा वाचला.

७. वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. सईचेही ऐकले, हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मोठ्या माणसाचं औषध जास्त असतं, नळी अडली की दाब लगेच वाढतो आणि यंत्र लगेच ओरडतं. या पोराला थेंबाचाही अंश जातो. आता अडलं तर ओरडायला कितीतरी वेळ लागतो. तो बाक विसरा. तिथं फक्त ओरडतं. अडतं कुठं, ते त्याच्या बऱ्याच आधी शोधा." आणि राजाबाईकडे वळून, "आजी, याला शाळेसाठी तयार कोण करतं?"

"मीच की. त्याची आई डबा करती."

"करून दाखवा."

राजाबाईने पलंगावर नातवाला उभे केले. बनियन घातले. चड्डी चढवली. थैली अडकवली. मग नळीचा उरलेला फास बोटावर गुंडाळून तिने तो पोराच्या करदोट्याखालून दोनदा ओढून घेतला, गाठीपाशी घट्ट खोचला आणि वर फुंकर मारली. म्हणाली, "पोरं वढत्यात ना शाळंत. आन् काळ्या दोऱ्याखाली असलं म्हंजी नजर बी लागत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी तिथे बोट लावले. करदोटा काळा, जाड, आजोळहून आलेला, तेला-पाण्याने ताठ झालेला. त्याच्या गाठीखाली नळी चिमटून पापडासारखी चपटी झाली होती.

तेव्हा अर्जदाराला सगळे हिशेब एकदम जुळलेले दिसले. सकाळी न्याहारीचे औषध गेल्यावर कपडे चढत, तेव्हाच नळी बंद होई. मधल्या सुट्टीनंतर यंत्राला ते कळे. उज्वला येऊन थैली ओढून काढी, त्या ओढण्यातच फास सुटे, म्हणून तपासायला गेले की चूक आधीच पळालेली. वर्गात आवाज आपोआप थांबे तो पोराने चुळबुळ करून थैली ओढल्यामुळे फास जरा सैल होई म्हणून. उज्वला न आलेल्या दिवशी घरी आजी कपडे काढी तेव्हा तो पुरता सुटे आणि तुंबलेले औषध एकदम अंगात शिरे, म्हणून तो थंड घाम. रविवारी पोर उघडाच हिंडे, म्हणून रविवारी सई येत नसे.

कोणी गुन्हेगार नाही, हे अर्जदाराला तेव्हा कळले, आणि त्याला सुटका वाटली नाही. भूत निघाले असते तर बरे, असे त्याला क्षणभर वाटले. भुताला दूर ठेवता येते. आईला कुठे ठेवणार? राजाबाई नातवाची कंबर सोडून दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली. तेव्हापासून ती त्याला भरवते, गोष्ट सांगते, पण कपडे घालायची वेळ झाली की उठून मोरीत जाते.

८. करदोटा काढायचा ठरला, पण कात्री लावू द्यायला राजाबाई तयार होईना. "कापायचा न्हाई. करदोटा एकदाच कापत्यात, शेवटाला." आमच्याकडे तो कधी कापतात हे साहेबांना ठाऊक असेल, नसल्यास न सांगितलेले बरे. गाठ सुटता सुटेना. अर्जदाराने नखे लावली, उज्वलाने दात लावले.

त्याच दिवसांत यशोदाबाई घरी आल्या. सई कुणाच्या तरी पोटातून पाणी मागते, हे फाटकाशी मासळी विकताना त्यांच्या कानावर गेले होते. पाटी बाहेर ठेवून त्या दारातच उभ्या राहिल्या. राजाबाईने पोराला मागे ओढले.

"घाबरू नको गो," यशोदाबाई म्हणाल्या. "पोराला बगाला आलेय. माजी सई कोनाला तरास देनारी नव्हती. तिला नुसतं पानी पायजे होतं."

मग त्यांची नजर पोराच्या कमरेवर गेली, सगळ्यांच्या नखांनी लाल झालेल्या. "कापाचा नाय ना? मंग हिकडं दे." जाळे विणायची सुई त्यांच्या कनवटीला असते. तिच्या टोकाने त्यांनी गाठ हलके हलके मोकळी केली, खाली बसून, श्वास धरून. दोरा निघाला तसा त्यांनी राजाबाईच्या हातात दिला. राजाबाईने तांब्याभर पाणी आणले. यशोदाबाईंनी ते घेतले, पण प्यायल्या नाहीत, बराच वेळ हातात धरून बसल्या, आणि मग पोराला विचारले, "तू पितोस का, सोन्या?"

पोर घटाघट प्यायले. वर्गातला पेला का नाही प्यायलास, असे उज्वलाने त्याला तेव्हाच विचारले. तो म्हणाला, "ते सईचं होतं ना. तहान लागली होती, पण ते सईचं होतं."

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. अर्जदार बाहेर जाऊन माशांच्या पाटीशी उभा राहिला.

९. करदोटा गेल्यापासून यंत्र विनाकारण एकदाही वाजलेले नाही. म्हणून पोराला शाळेत पाठवायचे म्हटले, तर संदर्भात दिलेले पत्र आले. त्यातला मुख्य भाग असा : 'सदर बाक शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असल्याने वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय वर्गातून हलविता येत नाही. विद्यार्थी डेडस्टॉकमध्ये येत नसल्याने त्यास हलविण्यास अडचण नाही.' पाटकर सरांच्या मसुद्यात चूक काढणे कठीण असते. हाही बिनचूक आहे.

अर्जदार सरांना भेटला, करदोटा दाखवला. सर म्हणाले, "मला पटतं हो निकम. पण पालकांना पटलं पाहिजे. आवाज यंत्राचाच आहे असं सर्टिफिकेट आणा." डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले, 'यंत्रातून येणारा आवाज यंत्राचाच आहे', खाली सही आणि शिक्का. सरांनी ते दिव्याखाली धरून वाचले. "'यंत्राचाच' लिहिलंय. 'केवळ' कुठाय? उद्या कोणी म्हणेल यंत्राचा आहे, पण आणखीही कुणाचा आहे." शेवटी म्हणाले, आवाजच बंद करून पाठवा, म्हणजे कुणाचा हा प्रश्नच राहणार नाही. त्यावर डॉक्टरीणबाईंचे उत्तर तोंडी आहे आणि ते सरांना अजून कळवलेले नाही : "एकीचा आवाज बंद केलाच होता ना."

सर वाईट नाहीत. भितात. भिणारा माणूस कागद मागतो. अर्जदारानेही आयुष्यभर तेच केले आहे.

१०. मागच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर अर्जदार मुलाचे दप्तर आणायला गेला. वर्ग रिकामा होता, जयमालाबाई एकट्याच फळा पुसत होत्या. दुसऱ्या बाकावर पेला होता. भरलेला.

"निकमभाऊ, कारण सापडलं, बरं झालं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "करदोटा तर करदोटा. पण शिवतेज घरी आहे ना? मग काल गणिताच्या तासाला वाजलं ते काय?"

"रस्त्यावरची रिक्षा असेल. कुणाचं घड्याळ असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "मुलांनीही ऐकलं. असेल घड्याळ."

अर्जदार त्या बाकावर बसला. गुडघे मावेनात. तिथून फळा दिसतो, दार दिसते, आणि दारातून समोर भिंतीवरचा निळा नियम दिसतो, आणि नियमाखालीच नळ. ज्याला वाचता येत नाही त्याला तिथून फक्त नळ दिसत असणार. अर्जदाराला त्या वेळी काही ऐकू आले की नाही, हे अर्जात लिहिण्याची प्रथा नाही. त्याच्या घशाला एकाएकी कोरड पडली, जीभ टाळ्याला चिकटली, एवढेच नमूद करतो. त्याने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. पाणी कोमट होते, खडूची किंचित चव होती.

"अहो, ते..." जयमालाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. जवळ येऊन त्यांनी पेला हातात घेतला, आत पाहिले. रोज संध्याकाळी भरलेला पेला त्या कुंडीत ओतत आल्या होत्या. रिकामा कधी हातात आला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचा, वर्गातला होता.

"अजून देऊ का?" त्यांनी विचारले.

हा प्रश्न त्या बाकाला पहिल्यांदाच विचारला गेला असावा. अर्जदार हो म्हणाला. बाई नळावर गेल्या, नियमाखाली उभ्या राहून पेला भरून आणला, आणि अर्जदार तोही प्यायला. त्यानंतर वर्गात शांतता होती. कसली, ते सांगता येत नाही. कोणी तरी उठून गेल्यावर असते तशी.

११. सबब अर्जदाराच्या मागण्या :

अ) चि. शिवतेज यास यंत्रासह, यंत्राच्या आवाजासह शाळेत परत घ्यावे. यंत्र वाजले की आधी पोराच्या पोटाकडे पाहावे, बाकाकडे नंतर.

आ) त्यास त्याच दुसऱ्या बाकावर बसवावे. तो रिकामा राहिला तर आणखी वाजेल, असे अर्जदाराचे मत आहे. त्याचा पुरावा मागू नये. बाक डेडस्टॉकमध्येच राहू द्यावा. त्यावर बसणारे मात्र तिथे जाऊ नयेत.

इ) बाकावरचा पेला भरायचे बंद करू नये. फक्त तो पिण्यासाठी आहे, एवढे वर्गाला सांगावे. उष्टा झाला तरी चालेल. यशोदाबाईंना विचारले आहे, त्या म्हणाल्या, "तिला आवडंल."

ई) विषयात उल्लेखिलेली जुनी मागणी अशी. कै. सई, इयत्ता पहिली, हिने गेल्या वर्षी या शाळेकडे पाणी पिण्यास जाण्याची परवानगी तोंडी मागितली होती, अनेकदा. मागणी विहित वेळेत नव्हती म्हणून तिच्यावर निर्णय झाला नाही. मागणारी गेली, तरी मागणी मागे घेतल्याची कुठेही नोंद नाही. म्हणजे ती अजून चालू आहे. दिवाणजीच्या रीतीप्रमाणे जे चुकते झाले नाही ते पुढच्या पानावर ओढावे लागते, आणि ही मागणी तशीच एका मुलाकडून दुसऱ्याकडे ओढली गेली. ती आता आपणच निकाली काढावी. भिंतीवरचा निळा नियम पुसायचा हुकूम द्यावा, आणि या अर्जाच्या समासात आपल्या हिरव्या शाईने एकच शेरा मारावा. मंजूर, नामंजूर असले काही नको. तिला कळेल असा :

'जा बाळ, पिऊन ये.'

आपल्या शेऱ्याची वाट पाहणारा,

शहाजी बापूराव निकम
(सही)

कै. सई हिच्या वतीने आजी यशोदाबाई
(डाव्या हाताचा अंगठा)

सोबत :
१. शाळेचे पत्र.
२. डॉक्टरांचा दाखला ('केवळ' हा शब्द नसलेला).
३. करदोटा, काळा, एक. गाठ सोडलेली आहे, कापलेली नाही. पाहून झाल्यावर परत मिळावा. घरी म्हातारी विचारते.